पूजेला का भिंतीला? बेळगावातल्या एका फ्रेमवाल्याचा अनुभव

खडेबाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात हे फ्रेमचं दुकान आहे. "बाई, नाव-पत्ता घालू नका, आधीच कामं तुंबल्यात," असं मालकांनी सांगितलं, म्हणून घालत नाही. दुकान एवढं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आत असली तर तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. भिंतीला कोपऱ्यांचे नमुने टांगलेले, वर माळ्यावर पट्ट्यांचे भारे, आणि एका फळीवर तयार झालेली, न्यायला कोणी न आलेली चित्रं: शिवाजी महाराज, बसवण्णा, अक्कलकोटचे स्वामी, कुणाचे तरी वारलेले आजोबा. एकही चित्र जमिनीवर टेकलेलं नाही. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि तिथंच माझा विश्वास बसला.

माझी ओळख सांगते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. मी चित्रकलेची शिक्षिका. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, आता शहापूरला राहते. मला बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यातल्या, चित्रकलेचं वेड आहे, डिप्लोमाच्या वर्षापासूनचं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात इटलीतल्या राव्हेन्ना इथल्या सम्राट जस्टिनियनच्या मोझेकचं, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या भिंतीवरच्या चित्राचं, एक काळंपांढरं छायाचित्र होतं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्यात सगळी माणसं समोर बघत उभी होती, पंगतीला वाढायच्या आधी उभी राहावीत तशी. का कोण जाणे, ते चित्र मला सोडेचना.

यंदा माझी एक विद्यार्थिनी इजिप्तला जाऊन आली. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ आहे, सहाव्या शतकात जस्टिनियननेच बांधवलेला. तिथल्या ख्रिस्ताच्या प्रसिद्ध चित्राची जाड कागदावरची प्रिंट तिनं माझ्यासाठी आणली. मूळ चित्र लाकडी फळीवर आहे, सुमारे ८४ सेंटिमीटर उंच, आणि तेही सहाव्या शतकातलं. मेणात रंग कालवून, गरम असतानाच लावायचा, अशी त्याची रीत. इजिप्तमध्ये मृतांच्या चेहऱ्यावर ठेवायची चित्रं ज्या रीतीनं काढत, तीच ही. प्रिंटवर ख्रिस्ताच्या डोक्यामागच्या प्रभावळीला सोनेरी वर्ख छापलेला होता.

ती प्रिंट आणि आईचं जुनं विठ्ठल-रुक्मिणीचं चित्र अशी दोन कामं घेऊन मी जुलैमध्ये या दुकानात गेले. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी प्रिंट दोन्ही हातांनी घेतली, टेबलावर धुतलेलं फडकं अंथरलं, त्यावर ठेवली आणि विचारलं, "पूजेला का भिंतीला?"

हा प्रश्न ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात. मला आधी वाटलं, सवय असेल. नंतर कळलं की सगळं काम या उत्तरावर ठरतं. पूजेला असेल तर काच आणि चित्र यांच्यामध्ये बारीक पट्टी घालून फट ठेवतात, मागची बाजू टेपनं पूर्ण बंद करतात, म्हणजे कुंकवाचं बोट फिरलं, हळदीचं पाणी ओघळलं, उदबत्तीचा धूर बसला तरी आत काही जात नाही. पट्टी सपाट घेतात, नक्षीत काजळी अडकते म्हणून. भिंतीला असेल तर माऊंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, रुंद, काच कमी चमकणारी, आकडा वरच्या बाजूला. आमच्याकडच्या पावसात काचेला चिकटून चित्राचं कातडं निघालेलं मी अनेक घरांत पाहिलंय. अण्णा दोन्ही प्रकारांत फट ठेवतातच, पण पूजेच्या चित्राला जास्त.

मला उत्तर देता आलं नाही. येशूची पूजा मी करत नाही. पण नुसती भिंत सजवायची म्हणूनही ते चित्र नको होतं.

हा प्रश्न माझ्या आधी एका अख्ख्या साम्राज्याला पडला होता, आणि त्याचा निकाल लावायला त्यांना शंभरावर वर्षं लागली. आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहांनी धर्मचित्रांविरुद्ध पवित्रा घेतला. साम्राज्य अरबांकडून मार खात होतं. ७२६ मध्ये एजियन समुद्रात थेराचा ज्वालामुखी फुटला, आणि सम्राट तिसरा लिओ याला तो देवाचा कोप वाटला, असं नवव्या शतकाच्या सुरुवातीचा इतिहासकार थेओफानेस लिहितो. लोक चित्रांना मुके घेत होते, धूप दाखवत होते, दिवे लावत होते. देव रागावलाय तो याच मूर्तिपूजेपायी, असा अर्थ लावला गेला. ७३० मध्ये चित्रांची बाजू न सोडणाऱ्या राजधानीच्या मुख्य धर्मगुरूंना, गेर्मानोस यांना, पदावरून जावं लागलं. लिओचा मुलगा पाचवा कॉन्स्टंटाइन यानं ७५४ मध्ये धर्मपरिषद भरवून चित्रबंदीला शास्त्राचा आधार दिला: ख्रिस्त देवही आहे आणि माणूसही; देव रंगरेषांत मावत नाही; मग चित्र काढणारा एकतर देवाला चौकटीत कोंडतो, नाहीतर त्याच्यातला नुसता माणूस वेगळा काढतो. दोन्हीकडून पाप.

हे वाचताना मला आमच्या बाबांचा आवाज ऐकू येतो. बाबा हेडमास्तर. कन्नड आणि मराठी दोन्ही उत्तम. बसवण्णांची वचनं त्यांना तोंडपाठ होती आणि घरात देवाचं चित्र त्यांना चालत नसे. "चराचरात आहे म्हणतेस आणि बारा बाय अठरात कोंडतेस?" असं ते आईला म्हणत. दुष्टपणानं नव्हे, खरंच कळकळीनं. आई वाद घालत नसे. तिचं विठ्ठल-रुक्मिणीचं चित्र लुगड्यांच्या ट्रंकेत, वरून तिसऱ्या घडीखाली असे. बाबा शाळेत गेले की ती ट्रंक उघडून दोन मिनिटं हात जोडायची आणि झाकण लावायची. माझं सगळं लहानपण मी त्या ट्रंकेचा कोयंडा वाजताना ऐकलंय.

सम्राज्ञी थेओडोराची गोष्ट मी जेव्हा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. तिचा नवरा थेओफिलोस चित्रांचा कट्टर विरोधक. राजवाड्यातल्या एका विदूषकानं तिला तिच्या दालनात चित्रं डोळ्यांना लावताना पाहिलं आणि बादशहाला जाऊन सांगितलं: आईसाहेब सुंदर बाहुल्या कुरवाळत होत्या. बादशहा खवळून आला, तर ती म्हणाली, आम्ही बायका आरशात बघत होतो, त्याला प्रतिबिंबं दिसली. ही कथा बायझंटाइन इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. ८४२ मध्ये थेओफिलोस वारला, आणि लहान मुलाच्या नावानं कारभार बघणाऱ्या याच थेओडोरानं ८४३ च्या मार्चमध्ये चित्रं पुन्हा देवळांत आणली. त्याआधी ७८७ मध्येही धर्मपरिषदेत चित्रांच्या बाजूनं निकाल झाला होता तो आयरीन या सम्राज्ञीच्या कारकिर्दीत. मधल्या काळात, ८१५ पासून, बंदी परत आली होती. दोन्ही वेळा राज्य चालवणारी बाई, दोन्ही वेळा विधवा. माझ्या मते हा योगायोग नाही. देवळातली चित्रं चुन्यानं पुसता येतात, ट्रंकेतली येत नाहीत, आणि ट्रंकेची किल्ली बाईच्या कनवटीला असते.

७८७ च्या त्या परिषदेनं, आज तुर्कस्तानात असलेल्या निकाईया गावी, अण्णांच्या प्रश्नाला तिसरं उत्तर दिलं. पूजा, त्यांच्या भाषेत लात्रेइया, ती फक्त देवाची. चित्राला करायचा तो वंदनाचा मान, प्रोस्किनेसिस: वाकणं, ओठ टेकवणं, दिवा, धूप. आणि हा मान फळीपाशी थांबत नाही, चित्रातल्या माणसापर्यंत जातो. आधाराला त्यांनी चौथ्या शतकातल्या संत बासिलचं वचन घेतलं. गंमत अशी की बासिल चित्रांबद्दल बोलतच नव्हता. पिता आणि पुत्र यांचं नातं समजावताना त्यानं बादशहाच्या प्रतिमेचा दाखला दिला होता. बादशहा आणि त्याची प्रतिमा असे दोन बादशहा होत नाहीत. कचेरीत भिंतीवर फोटो असलेल्या आपल्यासारख्यांना हे लगेच कळतं. त्या काळी तर बादशहा स्वतः हजर नसला तरी त्याची प्रतिमा असली की तो हजर आहे असंच धरत.

पण हा निकाल लॅटिनमध्ये गेला तेव्हा पूजा आणि वंदन या दोन ग्रीक शब्दांना भाषांतरात एकच शब्द पडला. पश्चिमेत फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारी पंडितांनी तो वाचला आणि हे तर चित्रांची पूजा करायला सांगतायत म्हणून ७९० च्या दशकात भलामोठा खंडनग्रंथ लिहून काढला. एका घरात मराठी, कन्नड आणि शेजारी कोंकणी बोलणाऱ्या आमच्या गावाला, शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना काय काय सांडतं, हे समजावून सांगायला नको.

असो. मी अण्णांना म्हटलं, "नमस्काराला."

त्यांनी मान हलवली, जणू असं उत्तर रोज मिळतं. "मग पूजेचीच फट ठेवतो. नमस्काराला म्हटलं की हात लागतोच."

पट्ट्यांचे कोपरे ठेवून बघताना एक गोष्ट झाली, आणि त्यासाठीच मी हा अनुभव लिहायला बसले. अण्णांनी एल आकाराचा नमुना प्रिंटवर सरकवत नेला, तो मध्येच थांबवला. अर्धा चेहरा झाकला गेला होता. मग त्यांनी तो उचलून दुसऱ्या बाजूनं ठेवला. पुन्हा पहिल्या बाजूनं. "बाई, ह्यांचे दोन चेहरे आहेत की हो. हिकडनं बघितलं तर शांत हाय माणूस. हिकडनं रागावलाय."

या चित्राबद्दल जगभरचे अभ्यासक हेच म्हणतात. चेहऱ्याची एक बाजू मवाळ, दुसऱ्या बाजूची भुवई चढलेली, ओठ खाली ओढलेला. कुणी म्हणतं हा देव आणि माणूस अशा दोन स्वभावांचा खेळ, कुणी म्हणतं दयाळू आणि न्याय करणारा. मला हे पुस्तकातून कळलं होतं. अण्णांना ते फ्रेमच्या कोपऱ्यानं कळलं. आणि त्यांनी लगेच निर्णय घेतला: पट्टी दोन्ही बाजूंना सारखीच हवी, एका बाजूला माऊंट जरासुद्धा जास्त झाला तर एक चेहरा दुसऱ्यावर मात करेल. त्यांनी चार वेळा माप घेतलं.

तेवढ्यात लाईट गेली. बाहेर पाऊस, आत काळोख. अण्णांनी कोपऱ्यातल्या गणपतीपुढचं निरांजन उचलून टेबलावर आणलं, माझी प्रिंट भिजत तर नाही ना बघायला. आणि प्रभावळ पेटली. ज्योत हलेल तसा वर्ख हलत होता, बाकीचा चेहरा मागे अंधारात जात होता, आणि डोळे तेवढे समोर येत होते. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की बायझंटाइन चित्रांतलं सोनं हे रंग म्हणून बघू नका, तो उजेड आहे. मोझेकवाले सोन्याचा वर्ख घातलेले काचेचे तुकडे मुद्दाम वेगवेगळ्या तिरकस कोनांत बसवत, ते दिव्यांत चमचमावेत म्हणून. सांगत आले, पाहिलं मात्र त्या दिवशी. दुकानातला पोरगा, अण्णा आणि मी, तिघंही गप्प. लाईट आली तेव्हा पोरगा म्हणाला, "परत घालवा की."

म्हणून काच कुठली लावायची यावर आमचं बोलणं लांबलं. मला काच नकोच होती. अण्णा म्हणाले, बेळगावच्या ओलीत बिनकाचेचा कागद दोन पावसाळे टिकणार नाही. शेवटी कमी चमकणारी काच ठरली. ती दिव्याची चमक थोडी मारते, हे मान्य करते. साधी काच स्वस्त आहे, पण तिच्यात ट्यूबलाइट दिसते आणि आपलं तोंडही.

आता आईचं चित्र. ते जुन्या छापखान्यातलं रंगीत चित्र, आईच्या आईनं त्यावर जर आणि टिकल्या शिवलेल्या: रुक्मिणीच्या पातळाला बारीक जर, विठ्ठलाच्या मुकुटाला टिकल्या. कपडे-दागिने सगळे खरे, उघडे फक्त चेहरे आणि हात. बायझंटाइन चित्रांवरही असंच करत. चांदीचा सोनेरी मुलामा दिलेला पत्रा नक्षी काढून चित्रावर ठोकत, चेहरा आणि हात तेवढे मोकळे ठेवत. देवाला मुखवटा चढवणाऱ्या आपल्या हातांना ते हात ओळखीचे वाटावेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा हे चित्र खालच्या कपाटात होतं. विठ्ठलाच्या गालावरून छातीपर्यंत करडा डाग आला.

मी अण्णांना म्हटलं, मी चित्रकलेची शिक्षिका आहे, फ्रेम करायच्या आधी डागावर रंग लावते. ते नको म्हणाले. "आईसाहेबांनी बघितलेला चेहरा हाय तो. तुमचा रंग लागला की तुमचा देव होईल." मला राग आला. दोन दिवस घरी विचार केला आणि ब्रश न उचलता चित्र त्यांना परत दिलं. त्यांनी डागाची बुरशी मऊ ब्रशनं झटकली, सुटलेली जर सुईनं दोन-दोन टाक्यांत धरली, आणि मागचा पुठ्ठा बदलला. डाग आहे तिथंच आहे.

माझा एक जुना सल या दुकानानं काढला, तोही सांगते. काही वर्षांपूर्वी मी मेरी आणि बाळ येशूची एक बायझंटाइन धर्तीची प्रिंट मागवली होती आणि दुसऱ्या एका ठिकाणी फ्रेमला दिली होती. त्यांनी फ्रेममध्ये बसवण्यासाठी कडा कापल्या, आणि वरच्या दोन कोपऱ्यांतली ग्रीक अक्षरं गेली. देवाची माता या अर्थाच्या दोन शब्दांची ती लघुरूपं. "डिझाइन होतं, कापलं," असं उत्तर मिळालं. ते डिझाइन नव्हतं, नाव होतं. वाद मिटल्यानंतरच्या चित्रांत नाव लिहिणं जवळजवळ सक्तीचंच झालं, कारण मान कुणापर्यंत पोचवायचा ते नावानं ठरतं. नाव नसेल तर बाळ घेतलेली कुठलीही बाई. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पत्ता फाडून पत्र टाकल्यासारखं केलं की." ते कडा कापतच नाहीत. चित्र मोठं असलं तर फ्रेम मोठी करतात, आणि तुम्ही कमी पैशांत बसवा म्हणालात तर काम परत देतात.

दुकानाच्या मागं एक लाकडी पेटी आहे. लोक फुटलेल्या काचांची, वाळवी लागलेली देवांची चित्रं पिंपळाखाली नेऊन ठेवतात, ते अण्णांना बघवत नाही; म्हणून ते ती स्वतः घेतात. काच वेगळी, खिळे वेगळे. चेहरा दिसत असेल तर चित्र ठेवतात. चेहरा पूर्ण गेला असेल तर कागद आपल्या शेतात खड्ड्यात पुरतात. "चेहरा हाय तोवर देव. गेला की कागद," एवढंच त्यांचं शास्त्र. सातव्या शतकात सायप्रसमधल्या नेआपोलिसचा बिशप लिओंटिओस हेच सांगत होता: क्रुसाची दोन लाकडं जोडलेली आहेत तोवर मी त्या आकारापुढे वाकतो, ती निखळली की लाकूड जाळून टाकतो. चित्रांवर मूर्तिपूजेचा आरोप झाला तेव्हा बचावाला हा युक्तिवाद फार उपयोगी पडला. बाबा असते तर त्यांना मी या पेटीसमोर उभं केलं असतं.

सिनाईचं ते चित्र टिकलं कसं, हेही अण्णांनी विचारलं. सरहद्दीमुळे, असं मी सांगितलं. बंदी आली तेव्हा सिनाई साम्राज्याच्या हद्दीबाहेर, मुसलमानी अंमलाखाली गेलेलं होतं. बादशहाचा हुकूम तिथवर चालत नव्हता. चित्रांच्या बाजूनं सगळ्यात धारदार लिहिणारा दमास्कसचा योहान, तोही खलिफाच्या मुलखातच राहायचा. अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही हे त्याला मान्य होतं. पण जो देह घेऊन माणसांत वावरला त्याचं काढता येतं, असं तो म्हणे. राजधानीत चुना फासला जात होता तेव्हा पलीकडे एका मठात ही फळी भिंतीवर शांत होती. अण्णा थोडा वेळ पट्टी घासत राहिले. मग म्हणाले, "हद्दीवर राहिल्याचा कुणालातरी उपयोग झाला म्हणायचा."

आता व्यवहाराचं. ख्रिस्ताच्या फ्रेमला, सागवानी सपाट पट्टी, माऊंट आणि कमी चमकणारी काच धरून, १८५० रुपये झाले. आईच्या चित्राला ११०० घेतले, सुईकामाचे पैसे घेतले नाहीत, मी आग्रह केला तरी. आठ दिवस सांगितले होते, वीस लागले. फोन केला तर "हुईल की" एवढंच. घाईचं काम, लग्नाची भेट वगैरे असेल तर इथं देऊ नका. कोपऱ्यांचे सांधे इतके नीट आहेत की नखाला लागत नाहीत. मागची टांगायची तार मात्र बारीक होती. मी ती बदलून घेतली, तुम्हीही आधीच जाड सांगा. फायबरच्या सोनेरी नक्षीदार पट्ट्या ते ठेवतात, पण देवाच्या चित्राला लावायला नाखूश असतात. गणपतीच्या आधीचा महिनाभर जाऊच नका. सकाळी अकराच्या आत गेलात तर बोलायला वेळ मिळतो. चित्र गुंडाळी करून आणू नका, सपाट पुठ्ठ्यात आणा. गुंडाळी बघून ते बोलतात.

दोन्ही चित्रं आता आमच्या पुढच्या खोलीत शेजारी शेजारी आहेत. अण्णांनी घरी येऊन आकडे ठोकले, उंची माझ्या डोळ्यांच्या रेषेत धरून. जाताना चप्पल घालायच्या आधी ते वळले आणि दोघांनाही एकच नमस्कार केला.